एक छेद त्रेचाळीस

आधी मी बोलत नव्हते. म्हणजे मुकी नव्हते, पण हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली सांडायचा. मग गेल्या सत्रात वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आमच्या वर्गाची ठरलेली मुलगी तापाने आडवी झाली आणि बाईंनी, दुसरं कुणी हाताला लागेना म्हणून, मला उभं केलं. मी बोलले. लोक हसले, आणि जिथे हसायला हवं तिथेच हसले! त्या दिवसापासून माझं तोंड मिटलेलं नाही. बाबा म्हणतात, नळ गळत असेल तर माणूस बोलावता येतो, हिचं काय करायचं? आत्याने तर माझं नावच बदलून टाकलं. आधी ती मला "उंदीर" म्हणायची, आता "भोंगा" म्हणते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहते, मधल्या खोलीत, जिथे पलंगापेक्षा टेबल मोठं आहे. कॉलेजात गणित शिकवते, पण तात्पुरती. दर वर्षी सुट्टी संपली की तिला नव्याने नेमतात आणि सुट्टी लागली की नव्याने विसरतात. कायम व्हायचं तर नावामागे डॉक्टर लागायला हवं. त्यासाठी ती प्रबंध लिहीत होती. किती वर्षं, विचारू नका. माझे दुधाचे दात पडले, नवे आले, त्यांना तारा बसल्या, तारा निघाल्या, आणि आत्याचा प्रबंध चालूच. पण शेवटी तो झाला! जाड, निळ्या पुठ्ठ्याचा, पाठीवर सोनेरी अक्षरं. परीक्षकांकडे गेला, त्यांना आवडला, आणि फक्त तोंडी परीक्षा उरली. कॉलेजने एक कायमची जागा तिच्यासाठी अडवून ठेवली होती, परीक्षेच्या निकालापर्यंत, त्यापुढे एक दिवसही नाही.

प्रबंधात काय आहे ते मी आत्याला इस्त्री करताना विचारलं होतं. इस्त्री करताना ती कुठेही पळून जाऊ शकत नाही.

"काही संख्या समीकरणाच्या जाळ्यात सापडतात," ती म्हणाली. "दोनचं वर्गमूळ घे. लिहायला गेलीस तर संपत नाही, पण त्याचा वर्ग केलास की दोन. सापडलं! त्या बैजिक संख्या. आणि काही अशा की कितीही मोठं जाळं टाक, निसटतातच. वर्तुळातला तुमचा पाय आहे ना, तो त्यातलाच. त्या बीजातीत."

"मग झालं की. दोन गट."

"झालं कसं? निसटणाऱ्यांतही फरक असतो. कुणी जाळ्याच्या अगदी जवळ येऊन निसटतं, कुणी लांबूनच. त्यावरून त्यांचे एस, टी, यू असे गट पाडलेत."

"ज्या सापडतच नाहीत त्यांचे गट कशाला पाडायचे?"

"माणसं आहोत बाई. गट पाडल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही."

आत्याचं काम अनंत श्रेणींवर होतं. एक छेद काहीतरी, अधिक एक छेद त्याहून मोठं काहीतरी, अधिक, अधिक, कधीच न थांबणारी बेरीज. बेरीज न थांबताही तिची किंमत एका ठरावीक संख्येकडे जात राहते. ती संख्या कुठल्या गटातली, हे नुसतं छेद किती वेगाने वाढतात ते पाहून सांगायचं. त्यासाठी तिने तीन पायऱ्या बांधल्या होत्या. पहिली अशी: पुढचा छेद आधीच्या छेदाच्या वर्गाच्या निदान निम्मा तरी असेल, तर बेरीज अपूर्णांकात लिहिताच येणार नाही. पूर्णांकातही नाही, कारण पूर्णांक म्हणजे छेदात एक असलेला अपूर्णांकच. दुसऱ्या पायरीवर छेद आणखी जोरात वाढतात आणि बेरीज बीजातीत होते. तिसरीवर तर विचारूच नका, थेट यू गट. बाकीचा सगळा प्रबंध या जिन्यावर उभा.

आता माझा भाग.

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी (मी! जी पूर्वी प्रदर्शनात फक्त खुर्च्या मांडायची!) हात वर करून सांगितलं की मी आत्याचं प्रमेय मांडणार. गणिताचे सर म्हणाले, "नववीला?" मी म्हटलं, "फितीने!"

बाबांचं पडद्यांचं दुकान आहे. पडदे मोजायचे, शिवायचे, लोकांच्या घरी जाऊन लावून द्यायचे. त्यामुळे आमच्याकडे भिंतीला भोकं पाडायचं यंत्र, कड्या आणि फिती यांना तोटा नाही. मी जांभळ्या फितीचा एक मीटर तुकडा मागितला. बाबा म्हणाले, "मीटरभर बस्स? गणितवाले कंजूष असतात." मी कात्री घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले.

नियम मीच केला. दर वेळी एक छेद काहीतरी एवढा तुकडा कापायचा, जितका मोठा कापता येईल तितका, फक्त फीत संपवायची नाही. आधी अर्धा. मग पुन्हा अर्धा कापला तर संपलीच, म्हणून एक तृतीयांश. उरला सहावा भाग. तो अख्खा कापता येत नाही, म्हणून एक छेद सात. उरला बेचाळिसावा भाग. म्हणून एक छेद त्रेचाळीस, माझ्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडासा जास्त. त्यानंतर जे उरलं ती फीत नव्हतीच. ते दोन-तीन आडवे धागे होते, फुंकर मारली असती तर गेले असते. पुढचा छेद अठराशे सात. कात्रीने तो कापून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार.

मग मी अट तपासली. तीनच्या वर्गाचा निम्मा साडेचार, सात त्याहून मोठा. सातच्या वर्गाचा निम्मा साडेचोवीस, त्रेचाळीस त्याहून मोठा. बसतंय! पुढेही बसत राहणार, कारण नियमच तसा आहे. माझी श्रेणी आत्याच्या जिन्यावर चढली! आता फक्त तिची बेरीज म्हणजे कुठली गूढ संख्या ते आत्याला विचारायचं, असं म्हणून मी तुकडे पुन्हा शेजारी शेजारी लावले.

आणि ते एक मीटर भरले. भरणारच ना! मी एक मीटरच कापत होते. अर्धा, तिसरा, सातवा, त्रेचाळिसावा, आणि पुढचे सगळे न दिसणारे, मिळून अख्खी फीत. एक.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. गणितात माझं चुकतंच, त्यात काय नवं. आणि गंमत म्हणजे मला भयंकर हसू येत होतं.

"आत्या!" मी तिथूनच ओरडले. "तुझ्या जिन्यावर कोण चढलंय ओळख! एक!"

तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आत्या मधल्या खोलीत उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने तिथूनच उत्तर दिलं, "लसावि काढलास का? लसावि काढल्याशिवाय पुढे गेलीस ना, कान उपटीन."

हे वाक्य ती मी चौथीत असल्यापासून म्हणते. अपूर्णांकांची बेरीज तिनेच मला शिकवली. छेद वेगळे असले की आधी सगळ्यांचा लसावि काढायचा, सगळ्यांना एका छेदावर आणायचं, मग बेरीज. मी हे विसरायचे आणि ती खरंच कान धरायची.

"काढला!" मी फिती घेऊन दारात उभी राहिले. "दोन, तीन, सात. लसावि बेचाळीस. बेरीज एक्केचाळीस छेद बेचाळीस. म्हणजे एकाला कमी किती? एक छेद बेचाळीस! त्यातून पुढचा त्रेचाळिसावा काढला की—"

"बेचाळीस," आत्या म्हणाली.

"हो. मग त्यातून—"

"थांब जरा, भोंग्या."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. इस्त्री उभी ठेवली. मग प्रबंध काढला आणि तिसरं प्रकरण उघडलं. तिला पान शोधावं लागलं नाही. ती बराच वेळ एकाच ओळीकडे बघत होती आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते, मला काही कळत नसताना.

मग तिने मला समजावलं. का समजावलं कोण जाणे, कदाचित मोठ्याने बोलून बघायचं होतं. दोन वेगळे अपूर्णांक एकमेकांच्या हवे तितके जवळ येऊ शकत नाहीत. त्यांच्यात काहीतरी अंतर राहतंच आणि ते किती, हे छेद ठरवतात. म्हणून एखादी बेरीज थोड्या पदांतच आपल्या मुक्कामाच्या नको तितकी जवळ गेली, तर तो मुक्काम अपूर्णांक असूच शकत नाही. पहिली पायरी एवढीच. पण किती जवळ म्हणजे नको तितकं, हे पाहायला तोपर्यंतच्या बेरजेचा छेद लागतो.

"सुरुवातीची वर्षं मी ज्या श्रेणींवर काम केलं, त्यांत प्रत्येक छेद पुढच्या छेदात बसायचा," ती म्हणाली. "दहा, शंभर, दहा लाख, असे. तिथे लसावि काढायचा प्रश्नच नाही. शेवटचा छेद तोच लसावि. पहिल्या प्रकरणात मी त्याला एक अक्षर दिलं. मग तिसऱ्या प्रकरणात सगळ्या श्रेणींसाठी लिहायला घेतलं..."

"आणि?"

"आणि तेच अक्षर घेऊन आले. शेवटचा छेद. हातच तसा वळला होता." तिने माझ्या सातव्या भागाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "मी इथे सात धरला. छेद सात असताना मुक्कामाच्या बेचाळिसाव्या भागाइतकं जवळ जाणं म्हणजे फारच जवळ. पण छेद सात नाहीच. बेचाळीस आहे. बेचाळीसवाल्याला तेवढं जवळ जायची मुभा आहे."

चौथीतली चूक. एवढ्या जाड पुस्तकात, सोनेरी अक्षरांच्या आत, चौथीतली चूक. मी तोंड उघडलं आणि त्या सत्रात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडलं नाही.

पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण मी मदत करायचं ठरवलं.

"एक अट घाल ना," मी म्हटलं. "ही एक श्रेणी सोडून, असं लिही."

"बरं. चारने सुरू कर बघू. तोच नियम. छेदाला त्याच्याहून एकने लहान असलेल्याने गुण आणि एक मिळव."

चार, तेरा, एकशे सत्तावन्न. मी कागदावर बेरीज केली, लसावि काढून. उत्तर एक तृतीयांशाच्या दारात जाऊन उभं राहिलं. मी पाचने सुरू केलं. एक चतुर्थांश. सहाने. एक पंचमांश. मला कुठलातरी एक आकडा असा हवा होता की जो आत्याचं ऐकेल. मी जितक्या जोरात शोधत होते तितकी तिच्याविरुद्धची पलटण वाढत होती. शेवटी तिने माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"मग निम्म्या वर्गाच्या ऐवजी घन कर! जोरात वाढणारेच घे!"

"घनापुढे गेलं की ठीक आहे. वरची पायरीही पडत नाही."

"मग!"

"ते जुनं आहे गं. माझ्या जन्माच्या आधी लोकांनी करून ठेवलंय. मी नवं म्हणून जे केलं, ते हे एवढंच होतं." तिने कागदावर निम्मा वर्ग आणि घन लिहून त्यांच्या मधल्या जागेवरून हात फिरवला, जणू तिथे टेबलावर सांडलेलं काहीतरी होतं.

मग तिने तिच्या मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांना मी खडूसर म्हणते, कारण त्यांच्या कोटाच्या बाह्या कायम पांढऱ्या असतात. खरं तर ते खूप मायाळू आहेत. आत्याने त्यांना फक्त छेद सांगितले. दोन, तीन, सात, त्रेचाळीस. पलीकडून मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ते म्हणाले, "एक?"

"एक," आत्या म्हणाली.

"मी ते प्रकरण तीनदा वाचलंय. परीक्षकांनीही वाचलंय. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उद्या नाही बोललीस तर उद्या कुणी विचारणारही नाही. नंतर दुरुस्ती छापता येते..." ते थांबले. "नाही, मी तुला हे सांगायला नको होतं. आणि दुसरं काय सांगायचं तेही मला कळत नाहीये."

"सकाळी भेटू, सर," आत्या म्हणाली आणि उरलेल्या बाहीला इस्त्री करायला गेली. इस्त्री थंड झालेली होती. तिने थंड इस्त्री दोनदा फिरवली, मग तिच्या लक्षात आलं.

बाबा दुकानातून आले तेव्हा ती म्हणाली, "दादाला आत्ता काही सांगू नकोस. त्याला रात्रभर झोप लागणार नाही आणि तो मलाही लागू देणार नाही." मी मान हलवली. बाबा इतके खुशीत होते की त्यांना आमच्याकडे बघायला सवड नव्हती. ते शिट्टी वाजवत भोकं पाडायचं यंत्र पुसत होते. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की उद्या कुणाकडे पडदे लावायचेत. नाही विचारलं.

सकाळी मी उठले तीच तुडुंब आशेने. मला खात्री होती की आत्याला काहीतरी सुचलं असणार. सुचलेलं नव्हतं. तिने फक्त वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली होती.

परीक्षा गणित विभागाच्या खोलीत होती. एक काळा फळा, लांब टेबल, चहाची किटली, भिंतीवर एक पडदा. एक परीक्षक त्या पडद्यावर होते, दुसऱ्या गावातून व्हिडिओ कॉलने, आणि त्यांचा चेहरा मधूनमधून गोठत होता. दुसऱ्या बाहेरगावच्या परीक्षक बाई प्रत्यक्ष आल्या होत्या, उंच, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांनी प्रबंधात रंगीत कागद खोचले होते, आणि ते सगळे आवडलेल्या पानांवर होते! खडूसर खिडकीपाशी बसले होते. आज त्यांच्या बाह्या स्वच्छ होत्या, आणि ते जास्तच वाईट दिसत होतं. मी आणि बाबा शेवटच्या बाकावर. बाबांनी मोबाईल उभा धरला होता.

आत्याने मांडायला सुरुवात केली. ती इतकं छान बोलते की मी वक्तृत्वात काय झक मारते असं वाटलं. बैजिक, बीजातीत, एस, टी, यू. पहिली पायरी तिने फळ्यावर लिहिली. मी बाकाची कड धरली. ती थांबली नाही. दुसरी पायरी लिहिली, तिसरी लिहिली. बाई मान डोलावत होत्या. पडद्यावरचे परीक्षक, "सुंदर," म्हणाले आणि गोठले.

मला कळेना मला काय हवंय. ती गप्प राहिली तर आज संध्याकाळी ती डॉक्टर. जागा तिची. मला तेच हवं होतं. खरंच, मनापासून. आणि फळ्यावर ती पहिली ओळ तशीच होती, आणि माझ्या खिशात फीत.

बाई म्हणाल्या, "पहिल्या पायरीचा साधेपणा मला फार आवडला. इतकं सोपं आधी कुणाला कसं सुचलं नाही!"

बाबांनी मोबाईल खाली केला. "जमलं," ते माझ्या कानात म्हणाले. "मी निघतो. घरी एक काम आहे. तिला सावकाश घेऊन ये." मी त्यांची बाही धरली, पण सांगणार काय होते? तेही त्या खोलीत, सगळ्यांच्या पाठीमागे कुजबुजत? ते वाकून, पावलं न वाजवता निघून गेले.

"श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?" बाईंनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्या हसल्या. "या शाळेतल्या पाहुण्या? विचार बेटा. घाबरायचं नाही."

मी घाबरत नाही! गेले कित्येक महिने मी कशालाच घाबरलेले नाही! मी उभी राहिले, कारण बोलावल्यावर उभं राहायचं असतं. सगळे वळून बघत होते. खडूसरसुद्धा. आत्यासुद्धा. आणि माझा आवाज बाकाखाली गेला, पूर्वी जायचा तसा, जणू त्याची तिथली जागा कुणी राखून ठेवली होती.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

सगळे प्रेमाने हसले.

"तिचा एक प्रश्न आहे," आत्या म्हणाली. "तिच्याऐवजी मी विचारते."

तिने फळ्यावर पहिल्या पायरीच्या खाली लिहिलं. एक छेद दोन, अधिक एक छेद तीन, अधिक एक छेद सात, अधिक एक छेद त्रेचाळीस, अधिक तीन टिंबं. पुढे बरोबरचं चिन्ह. पुढे एक.

बाईंचं हसू आधी तसंच राहिलं. मग त्यांनी आपल्या फाईलच्या पाठीवर बेरीज करायला घेतली. खोलीत फक्त त्यांच्या पेन्सिलीचा आवाज होता. त्याही लसावि काढत होत्या, मला लांबून दिसलं. पेन्सिल थांबली.

"अट?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसते."

"छेद?"

"मी शेवटचा धरला. लसावि धरायला हवा होता."

पडद्यावरचे परीक्षक तेवढ्यात हलले. "माफ करा, मधलं ऐकू आलं नाही. फार छान चाललं होतं. शेवटचं पुन्हा सांगाल का?"

आणि आत्याने ते पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, तितक्याच स्पष्ट आवाजात, कॅमेऱ्याकडे बघून. एकदा सांगणं मी समजू शकते. पण दोनदा!

नंतर मोठी माणसं खूप बोलली. कुणीच ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. बाई प्रबंध पुढे-मागे उलटत राहिल्या, जणू एखादं पान सुटून गेलं असेल. पडद्यावरचे म्हणाले, एखादी अट बदलून बघता येईल का? आत्याने सांगितलं, बदलून बघितलं, काल. खडूसर उठले, फळ्यापाशी गेले, खडू उचलला आणि काही न लिहिता परत ठेवला.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्ही सही करणार होतो," बाई म्हणाल्या. त्यात शाबासकी नव्हती. उलट मला वाटलं, त्या जरा रागावल्या होत्या, कारण आता त्यांच्याही हातात काही उरलं नव्हतं. "आता मला करता येत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"तिसरं प्रकरण नव्याने. वर्ष लागेल. कदाचित जास्त."

"जागा या महिन्याअखेर भरणार आहेत," खडूसर कुणाकडेच न बघता म्हणाले. किटलीतला चहा तसाच राहिला.

बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. मी ठरवलं होतं की माफी मागायची, पण कशाची मागायची ते जुळेना. फीत कापल्याची? लसावि नीट काढल्याची?

"मी प्रदर्शनात नाही मांडणार," मी म्हटलं.

"मांडायचं."

"दुसरं काहीतरी करते. लोहचुंबक वगैरे."

"भोंग्या, एक छेद त्रेचाळीसपर्यंत सगळे तुकडे पुठ्ठ्यावर डकवायचे. आणि खाली अक्षर चांगलं काढ. तुझा चार नऊसारखा दिसतो." मग ती खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "छान आहे गं तुझी श्रेणी. मला कधीच सुचली नसती. मी कायम मोठे मोठे छेद घेऊन बसायचे."

जिना चढताना वरून यंत्राचा घर्र आवाज आला आणि थांबला. मला तेव्हाही कळलं नाही. म्हणजे बघा, मी स्वतःला किती हुशार समजते.

बाबा दारात उभे होते. केसांत भिंतीची पांढरी भुकटी, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चेहरा असा की वाढदिवस त्यांचाच. दाराशेजारी नवी पाटी होती. पितळी, चकचकीत. आमच्या आडनावाच्या वर आत्याचं नाव, आणि नावाच्या आधी, कोरून, "डॉ."

"काय?" बाबा म्हणाले. "आहे की नाही? महिनाभर लपवून ठेवली होती, पडद्यांच्या गठ्ठ्यात!"

आत्याने पाटी वाचली. तिने बोटाने कड चाचपली, वरची आणि खालची.

"सरळ लावलीयस, दादा," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

मग मलाच सांगावं लागलं. मी कसंतरी सांगितलं. फीत, बेचाळीस, सात, सगळं उलटंसुलटं. बाबांना गणित कळलं नाही. शेवट कळला.

"म्हणजे नापास?"

"नापास नाही. पुन्हा लिहायचं."

"आणि जागा?"

मी नकारार्थी मान हलवली. बाबा पाटीकडे बघत राहिले. मग स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूला लावला. "काढतो."

"नको काढूस," आतून आत्याचा आवाज आला. "भिंतीला भोकं पडलीत आता. पाटी काढली की तीच दिसत राहतील. राहू दे."

"अगं पण लोक वाचतील!"

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काही जड वस्तू आत ठेवल्याचा.

बाबांचे हात अख्ख्या शहरातल्या खिडक्या झाकतात. कुठलीही खिडकी दाखवा, ते नुसत्या नजरेने माप सांगतात. आता ते त्या एका अक्षरासमोर उभे होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. मी खिशात हात घातला. अर्धा भाग फार लांब. तिसरा, सातवा, तेही लांब. मी एक छेद त्रेचाळीस काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो "डॉ." वर धरून बघितला. मग पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि पडद्याची किनार बसवतात तसा, अंगठ्याने कडा दाबत, तो तुकडा चिकटवला.

जवळजवळ पुरला. डावीकडून नीट बसला, वरून नीट बसला. उजवीकडे जरासा कमी पडला आणि "डॉ" नंतरचं टिंब तेवढं बाहेर राहिलं, एवढंसं, चकचकीत.

बाबांनी तुकडा ओढून बघितला. फीत ताणत नाही.

"अजून थोडी आहे का गं?" त्यांनी विचारलं.

मी खिसा उलटा केला. तळाशी ते दोन-तीन धागे होते. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत असतानाच जिन्यातून वारा आला.